आपाबाईंच्या छातीतला डाग

परंड्याच्या कन्याशाळेत मी रुजू व्हायला गेले त्या दिवशी हेडबाई कामासाठी उस्मानाबादला गेल्या होत्या. शिपाई दगडूनं मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि तो पाणी आणायला गेला. शेजारच्या वर्गात कुणी बाई धडा वाचून दाखवत होत्या. मी बार्शीची. आमच्याकडं मराठी काही वाईट बोलत नाहीत, पण असं वाचन मी तिथंही ऐकलं नव्हतं. श वेगळा, ष वेगळा, ळ जिभेवर पुरता वळलेला, आणि वाक्य संपताना आवाज असा अलगद खाली यायचा की ऐकणाऱ्याला पूर्णविराम दिसावा. मला वाटलं, पुण्याकडच्या कुणा बाईंची इकडं बदली झालेली दिसते.

तास संपला. बाहेर आल्या त्या उंच, सावळ्या, चाळिशीला टेकलेल्या बाई. हातावर घडी घातलेला बुरखा, गालात पान. मला बघून म्हणाल्या, "नये बाई तुमीच ना? इधर धूप में कायकू बैठे? अंदर आव, चाय पियो."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. आत वाचत होत्या त्या ह्याच, यावर माझा विश्वास बसायला चहा संपावा लागला.

त्यांचं नाव खैरुन्निसा. पण ते फक्त हजेरीपटावर. निजामाच्या राज्यात, पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी, ही शाळा उर्दू होती, तेव्हा मुली त्यांना आपा म्हणत. पुढं शाळा मराठी झाली, नव्या मुली आल्या, त्या बाई म्हणायला लागल्या. जुन्या आणि नव्या मुली एकाच सतरंजीवर बसायच्या, त्यामुळं दोन्ही हाका एकमेकींत मिसळल्या आणि त्या गावाच्या आपाबाई झाल्या. बाजारात भाजीवाल्याही तशीच हाक मारत.

शाळा मराठी झाली तेव्हा त्यांच्याबरोबरच्या काही उस्तानी, म्हणजे उर्दू शिकवणाऱ्या बाया, हैदराबादला गेल्या, काही घरी बसल्या. आपाबाई लवकर विधवा झालेल्या, मूल नाही, भावाच्या घरी राहणाऱ्या. त्यांना जायला दुसरं ठिकाण नव्हतं आणि घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मराठी बोलणं कानावरून गेलेलं, पण शिकवण्याइतकं कुठलं यायला? त्यांच्या भिंतीला भिंत लागून पार्वतीकाकूंचं घर होतं. काकू पहाटे दळायला बसत. आपाबाई जात्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या, खुंट्याला हात लावला आणि ऐकत राहिल्या. वर्षभर. पुस्तक नंतर हातात घेतलं. पुढं परीक्षाही दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाल्या.

"काकूंच्या जात्यावर माझं मराठी दळलंय," असं त्या सांगत. "म्हणून बारीक आहे."

त्यांचं सगळं कानावर चाले. मुली वाचायला लागल्या की त्या डोळे मिटून घेत. एखादी नवी मुलगी समजायची, बाईंना झोप लागली. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी आवाज यायचा, "सुमन, तो 'ण' कुठं पडला तुझा? उचल आधी." व्हरांड्यातून कोण गेलं ते त्यांना पावलांवरून कळायचं. मडकं घेताना तर सगळेच वाजवून बघतात, पण आपाबाई मुलींच्या पाट्यासुद्धा वाजवून बघत आणि हिला बारीक तडा आहे म्हणत. तडा असायचा.

मलाही सोडलं नाही. महिन्याभरातच म्हणाल्या, "कुसुमबाई, तुमच्या बार्शीवाल्यांना शेवटच्या अक्षराची लई भूक. बोलता बोलता खाऊन टाकता." त्या दिवसापासून मी शेवटचं अक्षर सांभाळून बोलू लागले. आजही बोलते.

एकदा जवळच्या खेड्यातला एक शेतकरी आला आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "आमच्या पोरीचं नाव काढून टाका. मुसलमानाची बाई मराठी शिकवती म्हनं. आमाला न्हाय उर्दू शिकवायची." हेडबाई गडबडल्या. आपाबाई वर्गात होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिडकी सताड उघडली आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागल्या. तो गडी व्हरांड्यात उभा राहिला. थोड्या वेळानं पायऱ्यांवर टेकला. तास सुटल्यावर पोरीला न घेताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी धाकटीला हाताला धरून आला आणि म्हणाला, "हिला बी घ्या."

मी हे एवढं सांगते आहे कारण पुढं जे झालं ते त्यांच्या कानांचं झालं.

नव्या राज्यातल्या नव्या गोष्टींवर आपाबाईंचा फार विश्वास होता. देवीची लस टोचायला माणसं आली तेव्हा गल्लीतल्या बायका पोरं लपवून बसल्या होत्या. आपाबाईंनी स्वतःच्या भाचीला, मुन्नीला, मांडीवर घेऊन पहिली लस टोचून घेतली. मग बाकीची पोरं बाहेर आली. त्या वर्षी शेजारच्या गावात देवी आल्या, त्यांच्या गल्लीत आल्या नाहीत. तेव्हापासून सरकारी डॉक्टर म्हणजे भल्याचाच माणूस, हे त्यांच्या डोक्यात बसलं. चुकीचंही नव्हतं ते.

परंडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलं, त्यानंतर थोड्याच काळानं एक्स-रेची गाडी आली. मोठी मोटार, आतच यंत्र, मागं वीज तयार करणारं इंजिन धडधडत असायचं. तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांची छाती तपासायची, क्षय आहे का बघायचं, पोरांना बाधा होऊ नये म्हणून. गाडी किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. गर्दी जमली, पण आत कुणी जाईना. आमच्या शाळेतल्या बायकांचं तर वेगळंच. आत पुरुष आहे, पोलकं काढून झगा घालावा लागतो, आणि आतला फोटो निघतो म्हणजे काय निघतं कुणास ठाऊक.

आपाबाई सगळ्यांना घेऊन निघाल्या. घरून एक चादर आणली, गाडीच्या दाराला आडोसा केला. "अंदर का फोटो है," त्या म्हणाल्या. "उसमें शकल नहीं आती. आती तो मैं पान थूक के आती." सगळ्या हसल्या. पहिल्या त्या गेल्या, दुसरी मी. यंत्राची थंडगार काच छातीला लागली, कुणीतरी श्वास रोखायला सांगितलं आणि झालं.

दगडू मात्र लांब उभा होता. तो कित्येक महिने खोकत होता. आपण बघितलं की तोंड फिरवायचा, रुमाल खिशात कोंबायचा. नोकरी जाईल ही भीती. आपाबाईंना त्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्यांनी त्याला दंडाला धरून गाडीपर्यंत आणलं. "दगडू, छुपा के किसका भला होता? चल."

थोड्या दिवसांनी दवाखान्यातून निरोप आला. आमच्या शाळेतली दोन नावं होती. एक दगडूचं. दुसरं खैरुन्निसा.

आपाबाई हसल्याच. "कुणाची तरी अदलाबदल झाली." त्यांना ना खोकला, ना ताप. अंगानं भरलेल्या. सकाळी विहिरीवरून दोन घागरी आणत आणि मग शाळेत येत. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले, कुणाशी वरच्या आवाजात न बोलणारे. त्यांनी आपाबाईंना उस्मानाबादला पाठवून मोठा फोटो काढायला लावला. त्यातही ते होतंच. उजवीकडं वर, मसुराच्या डाळीएवढा डाग.

मग थुंकी तपासायला मागितली. आता खोकला नसलेल्या माणसानं थुंकी आणायची कुठून? कागदी डबी हातात घेऊन आपाबाई दवाखान्याच्या मागं उभ्या राहून खोकायचा प्रयत्न करत होत्या आणि जमेना म्हणून हसत होत्या. दगडू तिथंच सुईसाठी बसला होता. त्याला म्हणाल्या, "तेरी थोडी खांसी मेरेकू उधार दे रे." तोही हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

कशीबशी दिलेली थुंकी स्वच्छ निघाली. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "थुंकीत नाही म्हणजे छातीत नाही असं म्हणता येत नाही."

"पण मला काही होत नाही," आपाबाई म्हणाल्या.

"बाई, डाग दिसलाय. दिसल्यावर मी गप्प कसा बसू? उद्या वाढला, तुमच्या वर्गातल्या पोरींना झालं, तर?"

"आणि दिसला नसता तर?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "तर तुम्ही आत्ता शाळेत असता."

पोरींचं नाव निघाल्यावर आपाबाईंचं काही चालणार नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांपुढं काय बोलायचं असतं हे मला कुठं ठाऊक होतं? माझ्या छातीत काही दिसलं नाही, यात माझी काही हुशारी नव्हती.

सक्तीची रजा झाली. रोज दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची, वर कडू गोळ्या, पडून राहायचं, अंडी खायची. भाऊ रशीद सायकली दुरुस्त करायचा. त्यानं मागच्या खोलीतलं सामान हलवलं आणि बहिणीची खाट तिथं टाकली. भावजयीनं, जुबेदानं, त्यांचं ताट, पेला, तांब्या वेगळा काढला. मी गेले तेव्हा ती ताटाला खूण म्हणून कडेला खिळ्यानं रेघ मारत होती आणि रडत होती. "मैं क्या करूं, बाई? मुन्नी छोटी है," एवढंच म्हणाली. मुन्नी आपाबाईंच्या कुशीत झोपणारी पोर. तिला आता उंबऱ्याच्या आत यायची बंदी. आपाबाई आतून गोष्ट सांगायच्या आणि ती बाहेर उंबऱ्याला पाठ लावून ऐकायची.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. वर्गातल्या काही मुलींचे बाप शाळेत येऊन विचारून गेले, आमच्या पोरींनाही लागलं असेल का म्हणून. पिठाच्या गिरणीत जुबेदाचं दळण शेवटी दळायला लागले. इकडं दगडू मात्र सुधारत होता. त्याचा ताप उतरला, खोकला बसला, गालावर मांस आलं. ती सुई त्याला अमृतासारखी लागली. त्याला बघून आपाबाईंना धीर यायचा. "उसकू लगी, मेरेकू भी लगेगी," त्या म्हणायच्या. पण काय बरं व्हायचं होतं त्यांचं? त्यांना मुळात काही होत नव्हतं. उलट सुई सुरू झाल्यापासूनच त्या आजारी दिसायला लागल्या. उठल्या की भोवंड यायची. भिंत धरून चालायच्या.

एका दुपारी मी बसले होते. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "कुसुम, हे रातकिडे कुठं ओरडतायत गं? भर दुपारी?"

ऐन उन्हाळा होता. कुठंही काही ओरडत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी कानावर हात दाबून धरला, काढला, पुन्हा दाबला. "आत आहे," म्हणाल्या.

शाळेचं नवीन वर्ष सुरू झाल्यावर मुली कधी कधी अंगणात येऊन लांबून त्यांना धडा म्हणून दाखवत. आपाबाई खाटेवर बसून, डोळे मिटून ऐकत. एकदा सुमन वाचत होती. तिचा आवाज बारीक. आपाबाईंनी डोळे उघडले. तिच्या ओठांकडं बघायला लागल्या. वाचून झालं, मुली गेल्या. मग मला हळूच विचारलं, "ती 'शाळा' म्हणाली की 'साळा'?"

"शाळा म्हणाली, आपा."

त्यांचा चेहरा उतरला. "मला दोन्ही सारखंच आलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते आधी म्हणाले अशक्तपणा. मग त्यांनी पुस्तक काढून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. या औषधानं कुणाकुणाच्या कानावर परिणाम होतो, ते म्हणाले. आपाबाईंनी विचारलं, "मग बंद करा ना." डॉक्टर खुर्चीत बसले. "बंद केलं आणि आजार उसळला तर? माझ्या एकट्याच्या जबाबदारीवर मला नाही करता येत. मी वरच्या डॉक्टरांना विचारतो." त्यांनी विचारलं. उत्तर यायला वेळ लागला. तोवर सुया चालूच राहिल्या. कंपाउंडर रोज सुई उकळायचा, आपाबाई रोज दंड पुढं करायच्या, आणि मी शेजारी उभी राहायचे. आम्हा चौघांपैकी कुणालाच ते नको होतं, आणि कुणालाच थांबवता येत नव्हतं.

उत्तर आलं तेव्हा सुई थांबली. पण कान तिथं थांबले नाहीत. आधी पाखरं गेली, मग पोरींचे आवाज, मग बायकांचे. सगळ्यात शेवटी रशीदच्या हातोडीचा ठोका गेला. त्या दिवशी त्या दुकानात गेल्या, रशीदला हातोडी मारायला लावली आणि चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. हाताला ठोका कळत होता.

बार्शीला आमच्या वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. मी आपाबाईंना बसनं त्यांच्याकडं घेऊन गेले. बरोबर सगळे फोटो होते, पहिल्यापासूनचे. डॉक्टरांनी ते एकामागून एक खिडकीच्या उजेडाला धरले. मग त्यांनी विचारलं, लहानपणी कधी फार दिवस खोकला झाला होता का. मी पाटीवर लिहून आपाबाईंना दाखवलं. तोवर आम्ही दोघी पाटीवर बोलायला लागलो होतो. त्या म्हणाल्या, झाला होता, मुन्नीएवढी असताना, आजीनं हळदीचं दूध दिलं आणि बरा झाला.

"हा तेव्हाचा व्रण आहे," डॉक्टर मला म्हणाले. "केव्हाच भरलेला. पहिल्या फोटोत जेवढा आहे तेवढाच शेवटच्यात आहे, औषधानं तसूभर हललेला नाही. अशी खूण आपल्याकडं कितीतरी धडधाकट माणसांच्या छातीत निघेल. माझ्याही निघेल. मी बघायला जात नाही."

"मग औषध द्यायलाच नको होतं?"

त्यांनी चष्मा काढला. "खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. मी थांबलो असतो, अधूनमधून बघत राहिलो असतो. पण बाई, हे मी आत्ता बोलतोय. एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करणं फार कठीण असतं. परंड्याच्या त्या पोरसवदा डॉक्टरच्या जागी त्या वयात मी असतो तर काय केलं असतं, देव जाणे."

आपाबाई आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होत्या. "क्या बोले?" त्यांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं, 'जुना डाग. लहानपणीचा. केव्हाच बरा झालेला.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी शुद्ध मराठीत, एकेक अक्षर सांभाळत विचारलं, "म्हणजे मला काही झालंच नव्हतं?"

डॉक्टरांनी मान हलवली. नव्हतं.

"मग माझे कान कशासाठी गेले?"

आणि त्यांनी पाटी पुसून माझ्यापुढं धरली. लेखणीही माझ्या हातात दिली. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. आपाबाई पाटी धरून वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांनीच ती पिशवीत घातली.

परतीच्या बसमध्ये त्या आपल्याआपणच बोलल्या. आवाज किती मोठा होतोय ते त्यांना कळत नव्हतं, सगळी बस ऐकत होती. "दगडूला दुखत होतं. तो गेला, ते बरं झालं. गेला नसता तर मेला असता. मला काय दुखत होतं? मी कशाला गेले? मी तर हसत गेले. बाकीच्यांना घेऊन गेले." मग थोड्या वेळानं, "निदान विचारायला पाहिजे होतं. काही दिसलं तर पुढं काय करणार, एवढं तरी."

दवाखान्यातून त्यांना दाखला मिळाला. त्या आता निरोगी आहेत, शाळेत शिकवायला हरकत नाही. त्या शाळेत आल्याही. मुली वाचत, त्या ओठांकडं बघत. लाजरी मुलगी खाली मान घालून वाचायला लागली की त्यांना काहीच कळायचं नाही. मुलींनी त्यांना फसवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्या मुली बिचाऱ्या ओठ मोठे मोठे हलवून वाचायच्या, आणि तेच आपाबाईंना सहन झालं नाही. त्यांनी नोकरी सोडली, घरी शिवणयंत्र घेऊन बसल्या. पोलकी, झबली, उशांचे अभ्रे. जुबेदानं ते रेघ मारलेलं ताट केव्हाच मोडीत दिलं होतं, मुन्नी पुन्हा कुशीत झोपायला लागली होती. पण गोष्ट सांगणं थांबलं. मुन्नी मधे मधे प्रश्न विचारायची आणि ते त्यांना अंधारात दिसायचे नाहीत.

माझी तुळजापूरला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. त्यांनी यंत्र थांबवलं, पाटी आणली आणि मला समोर बसवलं.

"एक विचारते, खरं लिही. माझा आवाज कसा येतो आता?"

तो कसा येत होता ते मी कसं लिहू? रानात लांबच्या माणसाला हाक मारावी तसा, सपाट, चढउतार गेलेला. वाक्य कुठं संपतं ते आता कळत नव्हतं. मी लिहिलं, 'थोडा बदललाय.'

"कुठं?"

मी लिहिलं, 'श.'

त्यांनी तळहात तोंडापुढं धरला, म्हणजे वारा हाताला लागेल. "स," म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही. जीभ मागं घेऊन पुन्हा म्हणाल्या, "स." मी पुन्हा मान हलवली. माझ्या ओठांवर बोट ठेवून मला म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणाल्या. नुसता वारा येई. किती वेळ आम्ही तसं करत होतो. कापड शिवायला घेऊन आलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी मला बघवेना आणि त्या पुन्हा "स" म्हणाल्या तेव्हा मी मान डोलावली, बरोबर.

आपाबाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"झूट," म्हणाल्या, आणि यंत्राचं चाक फिरवलं.

पुढं माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, परंड्याला जाणं राहूनच गेलं. एकदा कुर्डुवाडीला निघाले होते, बस परंड्यावरून जाणारी होती. थांबली तर उतरून धावत जाऊन भेटून येईन असं मनात होतं. पण बसला उशीर झालेला, ड्रायव्हरनं स्टँडवर उतारू घेतले न घेतले तोच गाडी काढली. मी खिडकीशी बसून गल्लीचं तोंड दिसतंय का बघत होते. तेही निघून गेलं.

गाव मागं पडलं आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात हॉर्नवर तसाच ठेवला. पुढं रस्त्याच्या मधोमध काळ्या बुरख्यातली एक उंच बाई चालली होती, काखेत कापडाचं गाठोडं. शांतपणे चालली होती. गाडी तिच्या पाठीशी जाऊन करकचून थांबली. "बहिरी हाय का काय ही!" ड्रायव्हर ओरडला. कंडक्टर उतरला, धावत पुढं गेला आणि तिच्यासमोर दोन्ही हात हलवून उभा राहिला. ती दचकली. वळून बघितलं तर एवढी मोठी गाडी. तिनं घाईघाईनं कंडक्टरला सलाम केला, दोनदा केला, आणि रस्त्याच्या कडेला धुळीत जाऊन उभी राहिली.

त्या आपाबाई होत्या.

मी उठून उभी राहिले. "आपाबाई!" खिडकीतून हात बाहेर काढला. "आपाबाई, मी कुसुम!" गाडी सुटली होती. त्यांनी धूळ चुकवायला तोंड फिरवून घेतलं होतं. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून मी पुढं गेले, ओरडत. बसमधली माणसं माझ्याकडं बघायला लागली. शेजारची बाई म्हणाली, "बसा बाई. न्हाय ऐकू येत त्यास्नी."

मी मागच्या काचेकडं वळले. धुरळा उडाला होता. त्यातून आपाबाई पुन्हा रस्त्यावर आलेल्या दिसल्या. चार पावलं चालल्या, थांबल्या, मागं वळून लांबवर बघितलं. मग पुन्हा चार पावलं, आणि पुन्हा वळून बघितलं.